तुमी तिथं बनवता तरी काय

बुटीबोरीच्या बसमध्ये स्कार्फ गुंडाळून, डोळेच तेवढे उघडे.
कारखान्यात गेल्यावर टोपी, मास्क, झगा, डोळेच तेवढे उघडे.
दिवसभरात माझं नाक फक्त डब्यापुरतं सुटतं.

बाबांनी पहिल्याच रात्री विचारलं,
गोळीबार चौकातल्या घरी, बंद मागाच्या पाटीवर बसून:
"तुमी तिथं बनवता तरी काय?"
म्हटलं, भोकं.
"भोकं?"
हो. एका मापाची, एका अंतरावर.
भोकांभोवती जे उरतं, त्याला झिल्ली म्हणतात.
खोकला येईपर्यंत हसले.
"आमी जलमभर लुगडी इकली, पोरगी भोकं इकते.
अन् लोक पैसे देतेत?"
देतात. पीएफही कापतात.

साच्याच्या रुळावर खांब उभे आहेत,
केसाच्या जाडीत चाळीस मावतील असे.
त्यांच्यामधून राळ पसरते, जांभळा उजेड पडतो, राळ धरते,
आणि मग सोलायचं.
सगळी नोकरी त्या सोलण्यात आहे.
खांब तिथल्या तिथे राहिला पाहिजे आणि झिल्ली निघाली पाहिजे,
गार दुधावरून साय निघते तशी,
पण साय फाटली तर आई चहात टाकायची.
इथे फाटली तर फॉर्म भरावा लागतो.

पुण्याहून जो पहिला नमुना आला तो तळहाताएवढा.
निर्दोष. काचेत मढवून ऑफिसात टांगलाय.
"हाताएवढं तर कुणीबी करन,"
मोमिनपुऱ्याचा इम्तियाज म्हणतो,
त्याच्याही आजोबांचे चार माग होते,
"हजार मीटर करून दाखव नं."
हजार मीटरमध्ये धुळीचा एक कण बसतो,
एक खांब वाकतो,
एसी दमतो.
पाणी सरासरी मानत नाही.
लाख भोकं खरी असोत,
ते एका ढिल्या भोकाचा पत्ता काढतं
आणि सगळा गाळ घेऊन तिथून जातं.

मे महिन्यात रोल चाचणीत नापास होऊ लागले.
बाहेर सेहेचाळीस, आत बारई सरांचा आवाज त्याहून वर.
कॅमेरा म्हणे, सगळं बरोबर.
कॅमेरा भोकाचं क्षेत्रफळ मोजतो, बाकी त्याला देणंघेणं नाही.
तीन दिवस मी पडद्यावर भोकं पाहिली,
झोपेतही पाहिली,
पोळीला पडलेलं भोक पाहून मला वाटलं, हे मापात नाही.

रद्दीतला हातभर तुकडा घरी आणला.
का आणला, माहीत नाही. दाखवायला असेल.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
तुकडा ट्यूबलाईटखाली तिरपा धरला
आणि एकदम गप्प झाले.
मोरपंखी, मग जांभळा, मग पिवळसर हिरवा,
हात हलेल तसा रंग धावत होता.
"रंग कोणता टाकता याच्यात?"
रंग नाही बाबा. नुसतं अंतर आहे.
भोकाभोकातलं अंतर सारखं असलं की उजेड असा दिसतो.
"नुसतं अंतर," ते म्हणाले,
आणि तुकडा हळूहळू सरकवत राहिले,
काठाकडून काठाकडे,
करवती काठाचे दात मोजायचे तसे, ओठ हलवत.

मग अंगठ्याचं नख टेकवलं.
"इथून ताणलं हाये."
मला काहीच दिसेना.
"काहून नाही दिसत? हिरवा बघ, इथवर येते अन् मंग लालीकडे वळते.
ताणा ओढणारा घाईत होता तुमचा."
बावीस वर्षं झाली मागाला हात लावून.
नखाखाली खरंच एक रेघ होती,
रेघसुद्धा नाही, हिरव्याचा नुसता विचार बदलला होता.

ताणा ओढणारा माणूस नव्हता, तापलेला रूळ होता.
हे मी सांगितलं नाही.
सोमवारी इम्तियाजने रुळाची ओढ कमी केली
आणि मी स्टोअरला अर्ज दिला:
झिल्ली जिथे सुटते तिथे लावायला
एक ट्यूबलाईट, साधी,
तिरपी.
कारण या रकान्यात लिहिलं, डोळ्यांसाठी.