बाराशे सालापासूनचं जग

आमच्या शाळेत जगाचा इतिहास शिकवत नाहीत.
वेल्डिंग शिकवतात. ते मी शिकवतो.
नेवाडातलं गाव, दोन पेट्रोल पंप,
पुढचं गाव नव्वद मैलांवर.
वरच्या वर्गात मुलं अकरा,
त्यातली नेरेआ ऊगाल्दे एकदा दारात येऊन म्हणाली,
मिस्टर टकेट, दुपारच्या सुट्टीत
तुमच्या वर्कशॉपमध्ये बसू का अभ्यासाला?
म्हटलं, इथं ग्राइंडर चालतो.
म्हणाली, चालेल.

पुस्तक तिनं टपालानं मागवलेलं, कुणीतरी वापरून विकलेलं,
ओळी आधीच पिवळ्या केलेल्या.
हा जो कोण होता, ती म्हणे,
त्याला मंगोल फार आवडायचे,
आणि फ्रेंच क्रांतीपाशी येऊन तो दमला.
तिथून पुढं पानं कोरी करकरीत.
तिथून पुढं ती एकटी.

शिक्षक नाही, म्हणून चिठ्ठ्या माझ्या हातात.
हेल्मेट कपाळावर ढकलून मी एकेक विचारायचो,
टिंबक्टूचा उच्चार दर वेळी निराळा.
पोतोसी?
डोंगर, ती म्हणायची. चांदी.
तिथली जहाजानं मनिलाला, मनिलाहून चीनला.
मी म्हटलं, चांदी आमचीही गेली.
आजोबा खाणीत होता. खाण संपली म्हणायचा,
माल गेला कुठं ते त्याला कुणी सांगितलं नाही.
तिनं ते लिहून घेतलं.
मी बोललेलं कुणी लिहून घ्यावं
असं तोवर कधी झालं नव्हतं.

जग सुरू होतं बाराशे सालापासून. परीक्षेपुरतं.
त्याआधीचं विचारणार नाहीत,
रोम नाही, बुद्ध नाही, गव्हाचा पहिला दाणा नाही.
मग ती माणसं?
ती गृहीत धरायची,
सँडविचचा कागद चुरगाळत ती म्हणाली.

एप्रिलच्या शेवटी, बर्फ उतरल्यावर,
तिनं मला डोंगरात नेलं, अ‍ॅस्पेनच्या राईत.
पांढऱ्या सालीवर सुरीनं कोरलेलं
एक नाव, एक साल, एक बास्क शब्द.
तिच्या पणजोबाचा भाऊ. मेंढ्यांमागं आलेला,
उन्हाळाभर बोलायला फक्त कुत्रा.
झाड वाढलं तशी अक्षरं फुगली,
काळी पडली, जुन्या व्रणासारखी.
मी विचारलं, शब्दाचा अर्थ काय?
ते नंतर, ती म्हणाली. आधी विचारायचं,
कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी,
आणि काय लिहायचं टाळलं.
बराच वेळ आम्ही त्या झाडाखाली उभे.
अर्थ विचारायचा मग राहूनच गेला.

मे महिन्यात पाकीट आलं. सीलबंद. एकच.
पर्यवेक्षक मी, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं.
ट्रॉफ्या ठेवायची खोली, एक टेबल, एक घड्याळ.
सूचना मोठ्यानं वाचायच्या, असा नियम:
सर्व विद्यार्थ्यांनी पेन्सिल खाली ठेवावी.
सर्व विद्यार्थ्यांनी ठेवली.

शेवटी सात कागद, ते वाचून निबंध.
मला बघायची परवानगी नव्हती, मी बघितलं नाही.
एकदाच तिनं मान वर केली,
खिडकीतून डोंगराकडं पाहिलं,
आणि लिहीत सुटली, टेबल हलेपर्यंत.
एक जुना कप कपाटात किणकिणत राहिला,
एकोणीसशे एकाहत्तर, कुस्ती, उपविजेते.

निकाल जुलैत लागला म्हणतात.
तेव्हा ती वर, काकाच्या मेंढ्यांबरोबर,
तिथं फोन लागत नाही.
किती पडले मला ठाऊक नाही.

एक चिठ्ठी राहिलीय माझ्या एप्रनच्या खिशात,
ठिणगीनं जळालेली.
एका बाजूला तिच्या अक्षरात: परिणाम?
दुसऱ्या बाजूला उत्तर होतं,
नेमकं तिथं भोक पडलंय.