सदतिसावा

छत्तीसचा रोल होता, कोनिकाचा.
निघायच्या आठवडाभर आधीपासून यदुनाथने तो
फ्रीजमध्ये लोण्याच्या वाटीशेजारी ठेवला होता
आणि मला बजावलं होतं : तिथे गेल्यावर ‘माझा काढ, माझा काढ’ नको.

ग्वाल्हेर. एकोणनव्वदचा डिसेंबर.
उरवाईच्या चढाखाली टेम्पोवाल्याशी तीन रुपयांवरून भांडलो,
मग एकमेकांशी.
कशावरून ते आठवत नाही, तीन रुपये आठवतात.
त्या भांडणाचा फोटो नाही.
तळघरातल्या वटवाघळांच्या वासाचा नाही.
मोरेन्याची गजक दाढेत अडकून
मी तासभर गप्प होते
आणि तो त्याला रुसवा समजून दोनदा चहा विचारून गेला,
त्याचाही नाही.

माणसं फ्रेमबाहेर जाईपर्यंत तो थांबायचा.
सहलीची पोरं, शेंगावाला, एक शेळी
आणि मी.
‘जरा डावीकडे हो,’ म्हणायचा.
मी झाले. इतकी झाले की
एका पायरीवर माझी सावली तेवढी आली आहे,
आणि ती प्रिंटवर दिसली तेव्हा तो ‘श्या!’ म्हणाला.

चतुर्भुजाच्या देवळात भिंतीवर शून्य कोरलेलं आहे.
बँकेतला कॅशियर माणूस,
देवापेक्षा त्या शून्यापुढे जास्त वेळ उभा राहिला.
चार फ्रेम घातल्या त्याच्यावर.
फ्लॅशचे सेल संपलेले, चारही काळ्याकुट्ट.
‘शून्याचा हिशेब चोख लागला,’ मी म्हणाले,
तेव्हा मात्र हसला.

मानमंदिराच्या भिंतीसमोर छत्तीस संपले
तरी खटका पुढे सरकला.
एखादा रोल देतो असा एक जास्तीचा,
सुट्टे नसले की बेकरीवाला बटर देतो तसा.
तो कशावर घालवावा, यदुनाथला सुचेना.
पहारेकरी रामसेवक पुढे झाला,
‘लाइए साब, दोनों का खींच देता हूँ.’
तान्हं मूल घ्यावं तसा त्याने कॅमेरा घेतला,
आमच्याऐवजी स्वतःचाच श्वास रोखला.

दौलतगंजातले स्टुडिओवाले दिघे म्हणाले,
‘ताई, ह्याचे पैसे नाही घेऊन राहिलो मी.
बदकं साफ आली आहेत. तुमच्या तोंडांवर
त्याचा अंगठा आलाय.’

तीस वर्षं तो फोटो ‘खराब’ लिहिलेल्या पाकिटात होता.

यदुनाथ गेला तेव्हा पेपरात द्यायला फोटो शोधला.
किल्ले होते, कमानी होत्या, दगडी जाळ्यांतून पडलेलं ऊन होतं,
तो कशातच नव्हता.
शेवटी बँकेच्या ओळखपत्रावरचा दिला,
कॉलर ताठ, नजर कुणाच्या तरी खांद्यापलीकडे.
पाकीट उघडून ऋजुता म्हणाली, ‘आई, हा टाकू?’

मी चष्मा लावला.
निळ्या फरशांवर पिवळी बदकं, अकरा पूर्ण, बारावं अर्धं.
मधोमध गुलाबी धुकं, रामसेवकचं.
आणि खाली हात.
यदुनाथच्या काखेत माझी लाल पर्स.
मी ती कधी दिली त्याला?
आणि त्याच्या स्वेटरची बाही माझ्या मुठीत,
एका पायातली चप्पल काढून मी उभी,
खडा गेला असणार.
चेहरे दिसले असते तर
मी चेहरेच पाहिले असते.

परवा पुन्हा गेले. एकटीच.
उरवाईतल्या त्या उंच दगडी मूर्ती,
कुणीतरी चेहरे फोडलेल्या,
अजून हात सैल सोडून उभ्या आहेत.
वर, बदकांसमोर, एका मुलाने माझ्या फोनवर
अकरा फोटो काढले. अकराही स्वच्छ.
चेहराच चेहरा; मागची बदकं
त्या फोनने हौसेने पुसून टाकलेली.

मी म्हटलं, ‘बेटा, एक और. इस बार अंगूठा रखना.’
‘कहाँ, आंटी?’
‘काँच पर.’
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे,
आणि शर्टाच्या टोकाने
भिंग आणखी स्वच्छ पुसायला लागला.