हातचा एक

बाबा कस्टम हाऊसमध्ये व्हेलच्या तेलाची पिंपं मोजत.
हल बंदरात तेव्हा सगळ्यालाच तो वास,
पावाला, प्रार्थनेला,
आईच्या लग्नातल्या झग्यालासुद्धा.
संध्याकाळी हात खसखसून धुऊन
ते आपली वही काढत, निळ्या पुठ्ठ्याची.
डावीकडे सुख, उजवीकडे दुःख,
तळाशी एक रेघ, जिच्याखाली
कधीतरी सगळ्या इंग्लंडची बेरीज मांडायची होती.

माझी दाढ उपटली तेव्हा मी सात वर्षांची.
न्हाव्याची पक्कड अजून तोंडात
आणि हे विचारतात, "डॉर्कस, दहापैकी किती?"
मी बोटं दाखवली. सगळी.
त्यांनी आठ लिहिले.
म्हणाले, मुलं दुःख वाढवून सांगतात
आणि राजे सुख.

वहीत कोणालाच मज्जाव नव्हता.
फिंच गाडीवानाचं घोडंही होतं तिथे, वळ मोजून.
लॉर्डसाहेबांची दातदुखी
मोरी उपसणाऱ्याच्या दातदुखीहून
दमडीनेही महाग नव्हती.
म्हणून पाद्रीबुवा आम्हाला पाहिलं की
रस्ता ओलांडत.
आई एकदा फरशी घासता घासता म्हणाली,
"माझ्या गुडघ्यांचा रकाना कुठे आहे हो यात?"
बाबांनी पानं उलटली, पुन्हा उलटली.
त्या शनिवारपासून जिना ते धुऊ लागले.
वाईट धूत. आई मागून परत धुई.

मग केझाया रडचा हिवाळा आला.
हेरिंगच्या खोक्यावर उभी राहून ती ओरडे,
देव नाही,
आणि असलाच तर जहाजमालकांच्या पगारावर आहे.
पत्रकं पेनीला दोन.
तिला कोंडा, अशा अर्जावर चार हजार सह्या झाल्या
आणि अर्ज घेऊन मंडळी आमच्याकडे आली.
"लम्ली, तुम्ही हिशेबी माणूस.
इकडे चार हजारांचं सुख, तिकडे एका बाईचं दुःख.
करा सही."

रात्रभर लेखणीची कुरकुर ऐकू येत होती.
हिशेब त्यांचा बरोबर होता, तेच तर वाईट.
पहाटे मला उठवलं.
"सत्तावीस आणि पंधरा?"
सात नि पाच बारा, मी झोपेतच म्हटलं,
बाराचे दोन, हातचा एक...
"थांब. तो एक कुठे जातो?"
"पुढच्या घरात, बाबा."

ते तसेच बाहेर पडले. टोपी खुंटीवरच.
खोक्याशेजारी उभे राहिले बर्फात, म्हणाले,
"हिचं निम्मं चूक आहे असं मला वाटतं.
पण हिचं तोंड बांधलंत
तर कुठलं निम्मं, ते सांगणार कोण?"
माशांची मुंडकी दोघांनाही सारखीच लागली.
केझाया म्हणाली, "म्हाताऱ्या, सरक बाजूला,
गिऱ्हाईक दिसत नाही."

तिला सहा महिने झाले ते झालेच.
कस्टम हाऊसने बाबांना कळवलं
की यापुढे ते मोजायला लायक नाहीत.
आम्ही दोर वळणाऱ्यांच्या वरच्या खोलीत आलो,
आणि माझी शाळा सुटली.
हे मी अजून त्यांना माफ केलेलं नाही;
सांगून टाकते, हातचं राखून काय करू?

त्या दिवशीचं पान आहे माझ्यापुढे.
उजवीकडे: नोकरी, दोन दात, डॉर्कसची फी.
डावीकडे कोरं,
फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात, "पुढच्या घरात".
रेघेखाली काहीच नाही.

आज मी त्यांच्याहून मोठी आहे वयाने.
खाली माझी नात तेच पिवळं पत्रक वाचतेय, अडखळत,
आणि दर ओळीला केझायाशी भांडतेय.
मी लेखणी बुडवली. बेरीज काही मला जमायची नाही.
मागची पानं उलटत गेले दाढेपर्यंत
आणि आठ खोडून
दहा केले.