शिवणीचा दोरा

बॅटलीच्या स्टेशनामागे चिंध्यांची वखार होती.
तिथं मी सहा हिवाळे काढले
विनिफ्रेडबाई ओल्ड्रॉइडच्या उजव्या हाताला.

जाळीच्या टेबलावर गठ्ठा फुटायचा:
डॅनिश खलाशांचे स्वेटर, कुठल्याशा पोस्टमनचा कोट,
टाचेला तीनतीनदा रफू केलेले शाळेचे मोजे.
धूळ जाळीतून खाली. बटणं बरणीत.
कापड बाईंच्या बोटांत.
त्या कापडाकडे बघायच्याच नाहीत.
खिडकीबाहेर नजर, अंगठ्यानं नुसतं चोळायचं:
मेरिनो. चेव्हियट. ही अर्धी लोकर, अर्धी थाप.
शंका आलीच तर एक धागा काडीपेटीवर.
केस जळल्याचा वास आला तर लोकर,
कागद जळल्याचा आला तर सूत.
मेंढी मेल्यावरही खोटं बोलत नाही
असं काहीसं म्हणायच्या.
यॉर्कशायरची ती बोली मला निम्मीच कळायची,
निम्मी मी माझ्या मनानं शिवून घ्यायचे.

खालच्या मजल्यावर यंत्र. त्याला सगळे सैतान म्हणत.
ढोलाला हजारो दात. कोट आत गेला
की बाही, खिसा, कॉलर असं काही उरायचं नाही,
पलीकडून नुसता पिंजलेला पुंजका.
पुन्हा पेळू, पुन्हा धागा, पुन्हा ताणा,
पुन्हा कुणाचे तरी खांदे.
या मालाचं नाव शॉडी.
पुढे इंग्रजीत ती शिवी झाली.
मला नवल वाटलं नाही.
चिंधी म्हटल्यावर आमच्याकडे तरी
कुठं कुणी उठून उभं राहतं.

पण सांगायचंय ते मधल्या खोलीचं.
लोकरीच्या कपड्याला शिवण असते सुताची,
आणि सूत लोकरीचा रंग धरत नाही.
म्हणून कपडे आम्लाच्या वाफेत भाजायचे.
लोकर तगायची.
सुताचा भुगा व्हायचा.
जॅकेट उचलून झटकलं
की शिवणी उभ्याच्या उभ्या गळून पडायच्या
आणि हातात राहायचे
एकमेकांना न ओळखणारे तुकडे.

मी हिंगणघाटची.
वडील जिनात कापूस पारखायचे,
चिमटीत पुंजका ओढून तंतूची लांबी सांगायचे,
तेही असंच, दुसरीकडे बघत.
एकदा धीर करून मी म्हटलं,
बाई, हा दोरा आमच्याकडचा असेल.
बाई म्हणाल्या, असेल. मग तूच झाड.
मी झाडला.

तो भुगा, टेबलाखालची धूळ, लोकरीचा निकामी चुरा,
सगळं एकाच गोणीत भरून
वेकफील्डच्या रस्त्याला, रुबार्बच्या शेतांवर जायचं.
फेब्रुवारीत बाई मला तिकडं घेऊन गेल्या.
त्यांचा भाऊ क्लिफर्ड, त्याची लांबलचक खोपी,
आत काळोख, ऊब, आणि चार मेणबत्त्या.
उजेड लागला तर देठ निबर होतात,
म्हणून कापणीसुद्धा तेवढ्याच प्रकाशात.
हळू बोला, क्लिफर्ड म्हणाला, कोंब फुटताना ऐकू येतात.

टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग कोपऱ्यात दोनदा, टक् टक्.

बाईंचे कान यंत्रांनी केव्हाच नेले होते.
माझ्या दंडावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.
दर वेळी भुवई उंचावून विचारायच्या: आला?
मी मान हलवायचे.
दोनतीनदा नसतानाही हलवली.

क्लिफर्डनं एक देठ दिला, गुलाबी, थंड.
दात लावला आणि जीभ सरळ घरी गेली:
अंबाडी.
जिचा पाला भाजीला, आणि सालीचा दोर.
हे बाईंना सांगायचं होतं,
पण अंधारात त्यांना माझे ओठ दिसेनात.

तोवर त्यांनी देठाची एक शीर सोलून काढली होती.
अंगठ्याखाली चोळत होत्या, नजर दुसरीकडे.
लोकर नाही, म्हणाल्या.
थोडं थांबून, सूतही नाही.
मग नेहमीच्या सवयीनं
ती शीर मेणबत्तीवर धरली.
ओली होती.
पेटेना.