पलीकडचं कारलं

चौथ्या मजल्यावरची माझी गॅलरी:
लांबीला सहा पावलं, रुंदीला दीड,
त्यातलं अर्धं वॉशिंग मशीनचं.
उरलेल्यात दोन कुंड्या, कारल्याचे दोन वेल,
आणि छतापासून ताणलेली जाळी,
ओसाकाचं ऊन गाळून घ्यायला.

पाणी घालते पहाटे पाचला, चहाच्या किटलीने,
मातीला विचारत विचारत.
झारी वापरत नाही. झारीला भान नसतं.
खाली तिसऱ्यावर नागासे बाई
कठड्यावर गादी वाळत घालतात,
आणि त्या गादीवर एकदा
माझ्या कुंडीतलं तपकिरी पाणी उतरलं होतं,
बशीएवढं.
त्या काही बोलल्या नाहीत.
काही न बोलणं या इमारतीत फार मोठ्याने ऐकू येतं.
मी मिठाईचा डबा घेऊन खाली गेले,
दारात इतकी वाकले
की त्यांच्या चपलांचा नंबर वाचता आला.

तेव्हापासून कुंडीखाली ताटली, ताटलीखाली ट्रे,
ट्रेखाली जुना टॉवेल.
वाळलेलं पान वारा उठायच्या आत उचलायचं.
बिनवासाचं खत, तेही मंगळवारी,
सगळे कामावर गेल्यावर.

हाडात मुरलंय ते.
एकतीस वर्षं बस डेपोत
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसले.
छत्र्या, कवळ्या, एकदा एक जिवंत कासव.
दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं:
चिठ्ठी लावायची, मांडणीवर ठेवायचं,
वाट बघायची.

पण वेलाने कुठे नोकरी केलेली असते?

उजवीकडे मधली फळी. पातळ, पांढरी.
तिच्यावर लिहिलंय: आग लागल्यास
ही फळी फोडून शेजारी जावे.
शेजारी कुरामोतो. एकटेच.
खोकला सोडला तर आवाज नाही.
जुलैत एक तणावा वरच्या फटीतून
तिकडे डोकावला, स्प्रिंगसारखा,
बाळाच्या करंगळीएवढा.
कापला.
आठवड्याने दुसरा. तोही कापला.
तिसरा मला दिसलाच नाही.

सप्टेंबरात टायफूनची सूचना आली.
जाळी उतरवायला घेतली, तर एक फांदी येईना.
ओढली. कोणी धरून ठेवल्यासारखी.
"थांबा," फळीमागून आवाज आला,
"जरा थांबा, मी सोडवतो."
मग बराच वेळ नुसती खुडबुड.

"तुमचं एक कारलं इकडे होतं," ते म्हणाले.
"ऑगस्टपासून.
बेल वाजवावी तर तुम्हाला त्रास,
तोडावं तर चोरी.
वजनानं वेल तुटेल म्हणून बुटाच्या नाडीनं बांधलं.
मग ते पिवळं झालं. मग नारिंगी.
मग परवा रात्री फुटलं.
मी हात लावला नव्हता."

फटीतून एक हात आला,
बोटांत कागदाची पुडी,
पुडीवर तारीख, मजला, खोलीचा नंबर,
आणि खाली बारीक अक्षरात:
बिया, एकवीस.
"मोजून घ्या," हात म्हणाला.

मी मोजल्या. लालभडक, ओलसर, एकवीस.
माझा हात आपोआप खिशाकडे गेला,
पावती फाडायला.

वारा वाढला होता. फळी थरथरत होती,
आमच्यापैकी कोणाच्या बाजूने, सांगता येईना.
"बरोबर आहेत," मी म्हटलं. "आभारी आहे."
तिकडे शांतता. एक खोकला.
मग:
"खरं म्हणजे बावीस होत्या.
एक मी चोखून पाहिली.
कारलं ते कडू, ही माझी समजूत,
पण त्या लाल गराला गोडी होती हो.
फार माफी मागतो."

मी हसले.
या गॅलरीत पहिल्यांदाच, आणि बेतानं नाही.
खाली नागासे बाईंची खिडकी सरकली.
उघडली की बंद झाली
ते वाऱ्यात कळलं नाही.