एकवीस रुपये जास्त

वही माझ्याकडे आली, कारण अक्षर बरं
आणि दारं ठोठावायची मला लाज वाटायची.
शाल्मली इंदापूरकरला ती नव्हतीच.
बेल दाबून, हात मागे बांधून उभी राहायची,
जणू घर तिचंच
आणि आतले लोकच उशीर करतायत.

जीवाजीगंजात आम्ही ‘वर्गणी’ म्हणायचो,
दौलतगंजात ‘चंदा’.
शब्द बदलला की दार वेगळ्या मापानं उघडायचं.
एक काकू म्हणाल्या, गणपती तर कधीच झाले ना रे?
हो काकू.
ही थंडीची आहे.

थंडी म्हणजे ग्वाल्हेरची, जानेवारीतली.
मोठ्या दवाखान्याच्या भिंतीला टेकून
भिंडहून, मुरैन्याहून, श्योपूरहून आलेली माणसं.
आत त्यांचं कुणीतरी, बाहेर ती,
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत पाय घालून.
दिव्यांशच्या बुआनं तिथे अकरा रात्री काढल्या होत्या.
एवढंच तो बोलला, तेही एकदाच.
हातगाडी मात्र दर रविवारी त्यानंच ढकलली.

ठोक भावात एक रजई तीनशे वीस.
शंभर हव्यात, म्हणजे बत्तीस हजार.
वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला
आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

बाड्यावर अदनान गजक विकायचा.
दाल बाजारातून आणायची, पुड्यामागे नऊ रुपये सुटायचे.
तो ओरडायचा असा, की खरी दुकानवाली माणसं
वळून बघायची, आणि मग हसायची.
एका गृहस्थांनी अर्धा तास समजावलं,
की आधी शिका, मोठे व्हा, मग समाजसेवा.
पुडा घेतला नाही. चव मात्र पाहिली, दोनदा.
शेजारच्या चणेवाल्यानं दहाची नोट दिली
आणि पावतीसाठी अडून बसला.
‘पक्की देना, बाबू. नाम पूरा लिखना.’
पूर्ण लिहिलं. रामसनेही बाथम, वल्द गिरवर.
पावती त्यानं तराजूच्या पाटीखाली ठेवली.

रद्दी चौदा रुपये किलो.
गठ्ठ्यांत काय काय निघायचं:
गणितात नापास झालेलं कुणाचं प्रगतिपुस्तक,
विम्याच्या नोटिसा, न उघडलेल्या,
आणि एकदा लग्नपत्रिका. हळदीकुंकवाची बोटं नसलेल्या,
कोऱ्या करकरीत, सुतळी न सुटलेल्या. तारीख गेलेली.
ते घर मला आठवत होतं.
दार उघडणाऱ्या ताईंनी वजन विचारलं नव्हतं,
नुसतं म्हणाल्या, तेवढं सगळं न्या.
पत्रिकेवर नाव होतं. जिन्यात आतून कुणीतरी
त्यांना त्याच नावानं हाक मारली होती.

शाल्मली म्हणाली, थांबलास का, तोल.
दीड किलो भरलं.
पैसे डब्यात टाकले.
वहीत काय लिहायचं ते सुचेना, म्हणून
पुढच्या घरी गेलो.

शेवटच्या रात्री हिशेब घातला.
वही म्हणते, सत्तावीस हजार आठशे चाळीस.
डबा म्हणतो, त्याहून एकवीस जास्त.
कमी भरले असते तर भांडण तरी झालं असतं,
जास्तीचं काय करतात कुणाला ठाऊक नव्हतं.
अदनाननं तीनदा मोजलं, चिल्लर वेगळी करून.
दिव्यांश म्हणाला, कुणीतरी न सांगता टाकले असतील.
शाल्मली पावत्यांची अर्धुकं चाळत बसली, रात्री एकपर्यंत.
मी गप्प.

सत्त्याऐंशी रजया आल्या.
वाटताना तेरा माणसं कमी पडली,
म्हणजे रजया कमी पडल्या, माणसं नाही,
बोलताना हे नेहमी उलटं होतं माझं.
त्या तेरांकडे पाहायचं टाळत आम्ही
रिकामी हातगाडी उगाच झाडत राहिलो.
एका म्हातारीनं आपली रजई उलगडून
शेजारच्या अनोळखी बाईच्या गुडघ्यांवर अर्धी टाकली
आणि आम्हालाच विचारलं, ‘तुम लोग खाए हो कि नहीं?’

वही अजून आहे.
खर्चाच्या बाजूला शेवटची नोंद:
रजया बांधायला सुतळी, एकवीस रुपये.
जमेच्या बाजूला, तिच्यासमोर,
एक ओळ कोरी सोडलेली आहे.