फट

आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण
माणसानं क्वचितच उचललं, पाणीच उचलायचं.
चारला सर आली की साडेचारला
लोखंड थडथडायला लागे
भातावरच्या झाकणासारखं,
आणि पाचला साऱ्या कॉलनीच्या पोटातलं
उंबऱ्याशी.
कृष्णा तिकडे आयर्विनखाली, पात्रात, शहाण्यासारखी.
हा पूर आम्हीच शिजवलेला:
हळदीच्या गोदामापासून देवळापर्यंत काँक्रीट,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
एक थेंब खाली जाईल तर शपथ.

जेसीबीनं ते उखडलं, मागून यल्लव्वा वडर आली.
खाली हातभर मोठी खडी, वर बोटाएवढी,
त्यावर कच, धुऊन, चाळून.
तळाच्या मातीवर तिनं पहार आपटली.
"काळी हाय सायेब. प्यायला पयली,
सोडायला येळ लावती."
म्हणून मातीच्या उशाशी भोकांचा पाइप,
उरलेलं पाणी सावकाश, उद्यापरवा नेईल असा.
मग ठोकळे. आणि दोन ठोकळ्यांत
करंगळीचं नख जाईल एवढी फट.

"मधलं सिमेंट कुणी खाल्लं?" मगदूम सरांनी विचारलं.
मी पालिकेचा ओव्हरसियर, याच गल्लीत भाड्यानं;
मला नकाशा दाखवता आला असता.
यल्लव्वानं कळशी उपडी केली त्यांच्या चपलेपुढं.
पाणी पसरलं नाही.
जरा थांबलं, एक बुडबुडा आला,
उरला नुसता काळपट डाग.
सर त्याच्याकडे बघत राहिले
खिशातून काही पडल्यासारखे.

हस्ताचा पाऊस रात्री आला, विजांसकट.
मी बॅटरी घेऊन चेंबरपाशी.
झाकण गप्प.
वाकून कान दिला तर खडीतून पाणी उतरत होतं,
ज्वारीच्या कणगीत हात घातल्यासारखा आवाज.
गल्ली ओली होती, भरलेली नव्हती.

तळं साचलं ते एकाच दारात.
सरांनी नवरात्राआधी, नीटनेटकं दिसावं म्हणून,
आपल्यापुरत्या फटी लिंपून घेतल्या होत्या.
"गवत उगवत होतं हो," लेंगा वर धरून ते म्हणाले.

सकाळी यल्लव्वा छिन्नी घेऊन आली.
उकिडवी बसली, आणि दातात अडकलेलं काढावं
तशी एकेक फट कोरत गेली.
सरांनी तिला चहा दिला, कपबशीतून.
हे काम बिलात कुठल्या सदराखाली घालू,
मी अजून ठरवलेलं नाही.